लोणारचे सूक्ष्मजीव आणि परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसाल्टचे प्राबल्य असल्याने तेथील विवरांच्या अभ्यासासाठी लोणार महत्त्वाचे मानले जाते.

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांभोवती, सूर्यप्रकाश पोहोचत नाही तेथे, जीवसृष्टी आढळली. त्यामुळे गुरूच्या युरोपा या उपग्रहावरील बर्फाखालच्या महासागराविषयी शास्त्रज्ञांचे कुतूहल वाढले. लोणारचे पाणीही असेच प्रतिकूल, म्हणजे खारट व तीव्र अल्कधर्मी. त्याचा सामू दीर्घकाळ १० च्या आसपास नोंदला गेला आहे. तरीही त्यात सूक्ष्मजीव विपुल आहेत. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा 'हॅलोआर्किया' या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला.

हे सूक्ष्मजीव अर्थातच पृथ्वीवरील आहेत. मात्र परग्रहावर जीवनाच्या खुणा कोणत्या स्वरूपात शोधाव्यात, याचे दिग्दर्शन त्यांच्या अभ्यासातून होऊ शकते. २०२० मध्ये लोणारला 'रामसर स्थळा'चा दर्जा मिळाला. तथापि, सांडपाणी व गोडे पाणी सरोवरात मिसळत राहिल्यास क्षारता घटून ही नैसर्गिक प्रयोगशाळाच धोक्यात येईल.