शर्यतींतील निशाणाचा मान

परभणीहून मनमाडच्या बाजूस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पेडगांव लागतें. सभोंवार काळी जमीन. ज्वारी आणि कापूस हीं या मातीचीं जुनीं पिकें. अशा मुलखांत बैल हें नुसतें ओढकामाचें जनावर कधींच नव्हतें. दारच्या जोडीवरून घराण्याची पत ठरे. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत जी शर्यत शंकरपट या नांवानें चालत आली, तिचें मूळ या पतींतच आहे. हलका छकडा, त्यावर एक धुरकरी, आणि समोर मोजकी सरळ धांव. कोठें दोन जोड्या शेजारीं शेजारीं सुटतात, कोठें एकेक जोडी सोडून घड्याळाचा कांटा पाहतात.

परंतु आज मला बोलावयाचें आहे तें बैलांच्या वेगाविषयीं नव्हे, धुरकऱ्याच्या कसबाविषयींहि नव्हे. शेवटच्या रेषेवर निशाण घेऊन जो मनुष्य उभा असतो, त्याच्याविषयीं मी बोलणार आहें. त्याचा हात खालीं आला कीं शेंकडों लोकांचा वाद मिटावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. हा अधिकार त्याला दिला कोणीं, आणि तो टिकतो कशाच्या बळावर?

प्रश्न फार जुना आहे. प्राचीन ग्रीस देशांत ऑलिंपिया येथील रथांच्या शर्यती एलिस या राज्याचे पंच चालवीत. निवड झाल्यावर त्यांना दहा महिने नियमांचें शिक्षण घ्यावें लागे, आणि लांच न घेण्याची शपथ वाहावी लागे. ख्रिस्तपूर्व ४२० सालीं स्पार्टाच्या लोकांना या सामन्यांत बंदी होती. लिकास नांवाच्या एका बड्या स्पार्टनानें आपला रथ बिओशियाच्या नांवावर उतरविला. रथ पहिला आला, तेव्हां याला राहवलें नाहीं; धांवपट्टीवर येऊन त्यानें सारथ्याच्या मस्तकाला स्वतःच्या हातानें पट्टी बांधली. पंचांच्या दंडधाऱ्यांनीं त्याला सर्वांदेखत चोपून काढलें. स्पार्टाची फौज चालून येईल अशी धास्ती साऱ्या मैदानांत पसरली होती. फौज आली नाहीं. सामने पार पडले.

या चोपापेक्षां मला पुढची एक लहानशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ख्रिस्तपूर्व ३७२ सालीं एलिसचा ट्रॉइलस हा स्वतः पंच होता, आणि त्याच वर्षीं त्याच्याच घोड्यांनीं दोन रथशर्यती जिंकल्या! विजेता म्हणून ऑलिंपियांत त्याचा पुतळाहि उभा राहिला. मात्र एलिसकरांनीं तेव्हांपासून कायदा केला कीं, पंचानें आपले घोडे शर्यतींत उतरवूं नयेत. विजय त्याच्याकडेच राहूं दिला, पण वाट बंद केली.

पुढें इ. स. ६७ मध्यें रोमचा बादशहा नीरो दहा घोड्यांचा रथ घेऊन तेथेंच उतरला. तो रथांतून पडला, त्याला पुन्हां वर बसविण्यांत आलें, तरी शर्यत त्याच्यानें पुरी झाली नाहीं. विजयाचा मुकुट मात्र पंचांनीं त्यालाच दिला. त्याबद्दल मिळालेली देणगी नीरोच्या मृत्यूनंतर गाल्बा बादशहानें त्यांच्याकडून परत मागितली. शपथ तीच होती. समोरचा मनुष्य तेवढा बदलला होता.

आपल्याकडे वळूं. पुण्याचें घोड्यांच्या शर्यतीचें मैदान १८३० चें, मुंबईचें महालक्ष्मी १८८३ चें. तेथें स्वारावर चौकशी चालविणें, त्याला काही काळ मना करणें, घोडा बाद ठरविणें, हे सारे अधिकार क्लबाच्या स्टुअर्डांचे. मालकानें घोड्याचें नांव नोंदविलें कीं त्यानें हे नियम मान्य केले, असें धरतात. १९१२ सालीं मुंबई सरकारनें शर्यतीच्या मैदानांना परवाना लावला, पण सरकारची नजर मुख्यतः पैजेवर होती; धांवेंतला न्याय क्लबाकडेच राहिला. परभणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, तेव्हां तो मुंबईचा कायदा इकडे पोंचण्याचें कारणच नव्हतें. गांवच्या पटांत पंचाचा शब्द चाले तो गांवाच्या पाठबळावर.

पण स्टुअर्ड काय किंवा पटाचा पंच काय, त्याच्यापुढें मुख्यतः मालक विरुद्ध मालक असाच खटला येई. बैलाची फिर्याद कोणापुढें, हा प्रश्न पटांत कोणी काढीत नसे. तो काढला अलीकडच्या न्यायालयांनीं. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें बैलाचें नांव खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद ठरविल्या. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें स्वतंत्र कायदा केला, तोहि अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें कायदा ग्राह्य धरला. आतां जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, काठी, चाबूक, पराणी यांना मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास पांच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

यामुळें निशाण धरणाराचें काम दुप्पट झालें आहे. कोण पहिला, एवढें सांगून आतां भागत नाहीं. पहिला आलेला धुरकरी बैलाचें शेपूट पिरगाळून आला काय, हेंहि त्यालाच पाहिलें पाहिजे. आणि तो पुष्कळदां त्याच पंचक्रोशींतला असतो! मालक त्याचा सोयरा, धुरकरी त्याच्या भावकींतला. परवानगीचा कागद परभणीच्या कचेरींतून येतो. कागदावर सही करणारा अधिकारी प्रत्येक धांवेला रेषेवर उभा राहूं शकत नाहीं.

म्हणून पट भरविणाऱ्या मंडळींस माझी एक साधी सूचना आहे. ट्रॉइलसमुळें झालेला तो नियम आपल्या पटांतहि आणावा. ज्याची स्वतःची किंवा सोयऱ्याची जोडी त्या दिवशीं धांवणार आहे, त्याच्या हातीं निशाण देऊं नये. पंच दुसऱ्या तालुक्यांतून बोलवावेत, त्यांचीं नांवें परवानगीच्या अर्जांतच लिहावींत, आणि त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च बक्षिसाच्या रकमेच्या आधीं बाजूला काढून ठेवावा.