घराची राखण : कुत्रा, घंटा आणि जागल्या

नवे घर बांधून झाले, वास्तुशांत आटोपली, की गृहस्थापुढे एक प्रश्न उभा राहतो : या घराची राखण कोणी करावयाची? बालाघाटात काय किंवा नागपुरात काय, हा प्रश्न अलीकडे बहुधा दोनच पर्यायांच्या रूपाने विचारला जातो. कुत्रा पाळावा, की दाराखिडक्यांना धोक्याची घंटा बसवावी? कुत्र्याचा कैवारी म्हणतो, घंटेला नाक नाही आणि माया तर नाहीच. घंटेचा कैवारी म्हणतो, तिला खाऊ घालावे लागत नाही, ती आजारी पडत नाही आणि पाहुण्याच्या पोटरीला दात लावीत नाही. वाद घरगुती आहे, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे बरेचसे खरेही आहे. परंतु या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो चाळून पाहिला असता असे दिसते, की पूर्वीच्या लोकांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने मांडला होता. इशारा कोण देईल, एवढ्यावर ते थांबत नव्हते. इशारा ऐकून उठेल कोण, आणि माल गेलाच तर तो भरून देईल कोण, असे ते पुढे विचारीत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

वास्तुशांतीचा उल्लेख वर आला, तेव्हा आरंभही तेथूनच करू. घराचा रक्षक जो वास्तोष्पती, त्याला उद्देशून ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ऋचा आहेत. त्यांपैकी ५५ व्या सूक्तात त्याच्या पाठोपाठ कुत्राही येतो. देवशुनी सरमेचा वंशज म्हणून त्याला सारमेय म्हटले आहे. तू चोरावर, लुटारूवर भुंक. आमच्यावर का भुंकतोस? तू झोपी जा, असे सूक्तकार त्यास विनवितो. पुढे घरातील सर्व माणसांनाही तो निद्रेच्या स्वाधीन करतो. वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरी शिरला तेव्हा त्याने या ऋचांनी कुत्र्याला शांत केले, अशी कथा परंपरेने या सूक्ताशी जोडली आहे. राखणीच्या कुत्र्याविषयीच्या या अतिप्राचीन साहित्यात त्याच्या गुणाबरोबर त्याचे वैगुण्यही नोंदले गेले आहे, हे विशेष होय. ज्याला आत शिरावयाचे असते तो प्रथम कुत्र्याची व्यवस्था लावतो. मग ती मंत्राने असो वा भाकरीच्या तुकड्याने.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक तर याहून पुढे गेलेला आहे. चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडताना तो आपल्या अंगचे गुण मोजून दाखवितो, आणि कोण झोपले आहे व कोण जागे आहे हे ओळखण्यात मी कुत्रा आहे, अशी प्रौढी मिरवितो. राखणदाराची विद्या अशा रीतीने चोरानेच हस्तगत केली. त्या रात्री घरात माणसे नव्हती असे नाही. परंतु मैत्रेय झोपेत बडबडतो आणि दागिन्यांचे गाठोडे आपल्या हाताने चोराच्या स्वाधीन करतो. माणूस असूनही जागा नसला, तर राखण होत नाही.

याची उलट बाजू रोमच्या इतिहासात दिसते. इ. स. पू. ३९० च्या सुमारास गॉल लोकांनी रोम घेतले आणि एका रात्री ते कॅपिटॉलच्या टेकडीवर चढू लागले, तेव्हा कुत्रे गप्प राहिले व जूनो देवीच्या पवित्र हंसांनी कलकलाट केला, असे लिव्ही सांगतो. पुढे रोमन लोक दरवर्षी हंसांचा सन्मान करीत आणि कुत्र्यांना शिक्षा देत. परंतु लिव्हीची हकीकत नीट वाचली तर टेकडी एकट्या हंसांनी राखली, असे म्हणवत नाही. त्यांच्या आवाजाने मार्कस मॅनलियस उठला, त्याने शस्त्र उचलले, इतरांना हाक दिली आणि कड्यावर पोचलेल्या पहिल्या गॉलला खाली लोटले. मॅनलियस कूस बदलून पुन्हा झोपला असता, तर हंसांचा सन्मान करावयास कोणी उरले नसते.

आपल्या मराठी गावगाड्याने हे तत्त्व पुरते ओळखले होते. गावात कुत्री होतीच, पण राखणीची जबाबदारी माणसावर होती. वेशीवर वेसकर असे, कोठे त्यास जागल्या म्हणत. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे, पुणे-सातारा भागात रामोशांकडे आणि पुष्कळ ठिकाणी महारांकडे असे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे मोठे मार्मिक वर्णन आहे. रात्री गस्त घालावी, गावात कोण आले व कोण गेले ते ध्यानात ठेवावे, प्रत्येकाचा स्वभाव जाणून असावे, हे राखणदाराचे काम. चोरी झाली तर त्याने पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आणि तेथील राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली व दुसऱ्याची सुरू झाली. ज्या गावी माग थांबेल त्या गावाने चोरीचा माल भरून द्यावयाचा. राखणदाराने ऐपतीप्रमाणे द्यावे आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसावी, असा दंडक होता.

या दंडकाकडे जरा थांबून पाहावयास हवे. एका घरी झालेली चोरी ही साऱ्या गावाची हानी ठरत होती. माझ्या घरी घंटा वाजली तर शेजाऱ्याने का उठावे, या प्रश्नाला तेथे रोख उत्तर होते : न उठल्यास त्याच्याही खिशाला चाट बसेल. शेजारधर्माचा केवळ उपदेश करून न थांबता गावाने त्याला हिशेबात आणून बसविले होते.

तथापि या चित्राला भुलून जाणे योग्य नव्हे. गाव झोपत होते, कारण कोणीतरी वेशीबाहेर जागत होते. जो जागत होता त्याला ज्या घरांची तो राखण करी त्यांच्या ओसरीवरही चढता येत नव्हते. महार वतनाच्या नावाखाली अल्प मोबदल्यात सरकारचे व गावाचे पडेल ते काम, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका, त्याला करावे लागे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. रामोशांची गोष्ट निराळी, पण बोध तोच. किल्ल्यांच्या घेऱ्यातील राखण हा त्यांचा हक्क होता. पुढे पुरंदरच्या राखणीचा हक्क गेला आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पहारा केला त्यांतूनच उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले. १८३२ साली पुण्यास त्याला फाशी देण्यात आले. राखणदाराची भाकरी तोडून त्याच्या निष्ठेची अपेक्षा करता येत नाही.

शहरात राखणीचे काम कोतवालाकडे असे. पेशव्यांच्या पुण्यात रात्री तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर सापडेल त्यास कोतवालीत अटकाव होई. ही तोफ म्हणजे साऱ्या शहराची घंटाच म्हणावयाची. परंतु गावच्या जागल्याला चोरीची भरपाई द्यावी लागे. शहरच्या कोतवालाला विचारणारा कोणी नसला तर काय होते, ते घाशीराम कोतवालाने दाखविले. १७९१ साली त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. आपल्या लोकमानसाने कोतवाल आणि कुत्रा यांची एक जोडी मात्र श्रद्धेने जपली आहे. काशीचा कोतवाल म्हणजे काळभैरव, आणि त्याचे वाहन कुत्रा. देवाच्या कोतवालालाही कुत्र्याची सोबत लागते, आणि कुत्र्यालाही मागे कोणी हुकमी पुरुष असावा लागतो, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आता आपल्या बालाघाटाकडे वळू. मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ साली हा जिल्हा करण्यात आला. परसवाड्याच्या पठारावरील पहिली गावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक याने वसविली, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरात आहे. पुढे कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याच्या उत्तेजनाने पोवार शेतकरी बैहरकडे जाऊन राहिले. रान तोडून वसलेल्या अशा खेड्यात राखण म्हणजे केवळ चोरापासूनची राखण नव्हे. उभ्या पिकात रानडुकरे येत, गोठ्याशी वाघ येई. मचाणावर बसून रात्र जागवावी लागे. कुत्रा सोबतीला हवाच. परंतु बिबट्याला कुत्र्याची विशेष आवड, हे रानाकडेला राहणारा प्रत्येक जण जाणतो. जो इशारा द्यावयाचा तोच मुकाट्याने उचलला जातो. म्हणून अंगणातला कुत्रा आणि मचाणावरचा माणूस यांना एकमेकांची राखण करावी लागे.

या गावांचा राखणदार तो कोटवार. गस्त घालणे, गुन्ह्याची खबर ठाण्यावर पोचविणे, जन्म-मृत्यूची नोंद देणे ही त्याची कामे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. लांजी व आमगाव यांच्यामध्ये राज्याची सीमा आली आणि ती या एका शब्दातूनही गेली. मूळचा कोटपाल, म्हणजे कोटाचा रक्षक. तो सीमेच्या त्या बाजूस कोतवाल झाला व या बाजूस कोटवार राहिला. मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत २३० व्या कलमाने कोटवाराची नेमणूक व कर्तव्ये यांची तरतूद केली. कायद्याने पद टिकले. परंतु चोरीची भरपाई साऱ्या गावाने करावयाची, तो जुना दंडक मात्र मागेच राहिला.

राखणीसंबंधी या प्रदेशाची सर्वांत बोलकी साक्ष शेजारच्या मुलखात आहे. पूर्वी मंडल्यात असलेल्या आणि १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या दिंडोरीजवळ कुकर्रामठ नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिर कलचुरी काळाचे मानले जाते. त्याला ऋणमुक्तेश्वर म्हणतात. त्याच्याशी निगडित झालेली कथा अशी : एका बंजाऱ्याने सावकाराकडे कर्जापोटी आपला इमानी कुत्रा तारण ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरांचा माग ठेवला, माल कोठे दडविला ते पाहिले आणि सावकाराला तेथे नेले. प्रसन्न झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्यास मोकळे केले. बंजाऱ्याने कुत्र्याला दुरून येताना पाहिले, हा शब्द मोडून पळाला असे समजून रागाने त्याला ठार केले, आणि मग चिठ्ठी वाचली. छत्तीसगडात बालोद जिल्ह्यातील खपरी येथे कुकुरदेवाचे मंदिर आहे; तेथेही हीच कथा सांगतात. कथा मंदिरांहून पुष्कळ अलीकडची असावी. व्यापारी तांडे ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांनी तीही गेली असेल.

'तारण' हा मराठी शब्द या ठिकाणी मोठा अर्थपूर्ण आहे. गहाण ठेवलेली वस्तू ती तारण, आणि संकटातून सोडवणे तेही तारणे. त्या मुक्या प्राण्याने दोन्ही अर्थ खरे केले. उणीव राहिली ती ऐकणाऱ्याची. इशारा देणारा कितीही विश्वासू असो, तो समजून घेण्याइतका धीर माणसापाशी नसेल तर सारे व्यर्थ होय.

विजेच्या घंटेचा इतिहासही अखेर याच ठिकाणी येऊन थांबतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ऑगस्टस पोप याने १८५३ साली तिचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पूर्ण व्हावे आणि विद्युच्चुंबकाच्या ओढीने टोला घंटेवर पडावा, अशी ही रचना. एडविन होम्स याने १८५७ साली ते हक्क विकत घेऊन धंदा सुरू केला. परंतु घरातल्या घरात वाजणारी घंटा पुरेशी नाही हे पुढे उमगले, आणि १८७० नंतरच्या दशकात निरनिराळ्या इमारतींच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीत आणण्यात आल्या. तेथे रात्रभर माणसे बसत आणि खूण मिळताच त्या जागी धावत. एवढ्या यंत्रविद्येनंतर शेवटी जे सापडले, तो आपला जागल्याच होता. फक्त तो वेशीऐवजी कचेरीत बसला होता आणि त्याला ठरलेला पगार मिळत होता. आज घंटेचा इशारा हातातल्या फोनवर येतो. परंतु फोन पुण्याला, घर बालाघाटला आणि शेजारी अनोळखी, अशी स्थिती असेल तर त्या इशाऱ्याचे करावयाचे काय?

म्हणून कुत्रा की घंटा, या प्रश्नाला उत्तर द्यावयाचेच तर ते असे देता येईल : ज्या घरी माणसांचा राबता आहे, ज्याला मुक्या जीवाची सेवा करण्याची हौस व सवड आहे, त्याने कुत्रा पाळावा. जो महिनोन् महिने बाहेरगावी असतो त्याने कुत्रा साखळीला बांधून जाणे हा जुलूम होय. त्याने घंटा बसवावी. तुकड्याने कुत्रा मुका होतो आणि वीज गेली की घंटा मुकी होते, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. रोज रात्री विनाकारण भुंकणारा कुत्रा आणि वाऱ्याने वाजणारी घंटा यांची गत 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या पोराप्रमाणे होते, हेही विसरू नये.

परंतु यापैकी काहीही विकत आणण्यापूर्वी गृहस्थाने एकदा शेजाऱ्याच्या दारी जाऊन यावे. त्याच्या घरी रात्री आवाज झाला तर मी उठेन, एवढे त्याला सांगावे. जुन्या गावाने एका माणसाला वेशीबाहेर जागत ठेवून बाकीच्यांची झोप विकत घेतली होती. तो सौदा आता सुटला आणि सुटला हे योग्यच झाले. आता ती जाग सर्वांनी वाटून घ्यावयाची आहे. ते न केल्यास कुत्रा भुंकत राहील, घंटा वाजत राहील, आणि आळीतली दारे एकामागून एक आतून बंदच राहतील.