पुतळीवरची अक्षरे

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1284 साली सोन्याचे नाणे पाडायचे ठरवले. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने त्या काळी साधेल तितके शुद्ध. एका बाजूला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोजे, संत मार्कसमोर गुडघे टेकून निशाणाची काठी धरतो आहे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू आणि आसपास चांदण्या. हे नाणे म्हणजे डुकाट. 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवले. तोवरच्या पाचशे वर्षांत वजन, कस आणि चित्र जवळजवळ तेच राहिले. नवा डोजे आला की नाव तेवढे बदलायचे.

व्हेनिसचे लोक नव्या कल्पनांना कमी नव्हते, पण या नाण्याला त्यांनी हात लावला नाही. कारण ते दूरवर चालायचे. मिरी आणि मसाल्यांच्या बदल्यात ते इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. इथे लॅटिन कोणाला वाचता येणार? लोकांनी चित्र ओळखले, वजन ओळखले आणि नाण्यावरच्या आकृत्या बघून त्याला नाव दिले पुतळी. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. तिच्यात होनांच्या बरोबरीने पुतळ्याही येतात.

यापुढची गोष्ट टांकसाळीबाहेरची आहे. पुतळ्या गळ्यात घालायची चाल पडली आणि मागणी वाढली. मग आपल्याकडच्या सोनारांनी स्वतःच ठसे कोरून पुतळ्या पाडायला सुरुवात केली. घराच्या ओसरीवर मूस, फुंकणी, ऐरण, हातोडा आणि पोलादाचे दोन ठसे असले की काम भागे.

मी शिक्षणाने इंजिनियर असल्यामुळे आधी हिशेब करून बघितला. सोन्याची घनता 19.3. साडेतीन ग्रॅमची, वीस मिलिमीटर व्यासाची चकती केली तर जाडी सरासरी 0.6 मिलिमीटरही भरत नाही. एवढे पातळ, त्यात शुद्ध सोने मुळातच मऊ. चकती तापवून अजून नरम करायची, खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात पक्का बसवायचा, चकतीवर वरचा ठसा धरायचा आणि नेमका घाव घालायचा. चित्राचा उठाव जेमतेम असल्याने हाताचा जोर पुरतो. जुन्या नाण्यांवर चित्र कडेला सरकलेले दिसते, कारण ठसा हाताने धरलेला असे.

खरी कसोटी कोरण्यात आहे. ठशात सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा नाण्यावर सुलटे उमटते. माणसाची आकृती उलटली तरी माणूसच राहते. अक्षराचे तसे नाही. समोरची लिपी वाचता येत नसेल तर आपले काय चुकले हेही कळत नाही. म्हणून भारतीय नकलांवर कुठे अक्षरे उलटी फिरलेली दिसतात, कुठे नुसत्या उभ्या रेघा उरलेल्या. मूळ नाण्यावर काठीलगत एकाखाली एक कोरलेली डी, व्ही, एक्स ही तीन अक्षरे नकलेवरून नक्कल होता होता नक्षी बनली. ज्यांना कामावर दुसऱ्याचा कोड न समजता उचलायची सवय आहे, त्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल.

मग या पुतळ्या खोट्या म्हणायच्या का? हा प्रश्न आमच्या घरात अगदी व्यवहारात आला. आजी गेल्यावर तिच्या पुतळीहाराच्या वाटण्या करायच्या होत्या. वाटेकरी तिघे: बाबा आणि दोघी आत्या. सोनाराने भिंगातून बघितले आणि म्हणाला, "व्हेनिसच्या नाहीत या, इथल्याच आहेत. वितळवा, सोन्याचे सरळ तीन भाग होतील." धाकट्या आत्याला ते पटले. मला पटेना, पण "जुने आहे म्हणून ठेवा" यापलीकडे माझ्याजवळ मुद्दा नव्हता.

मुद्दा सापडला 1674 मध्ये. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता. आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, असे एक कलम होते. महाराजांकडून उत्तर आले ते असे की याला कलमाची गरज नाही. ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणे घ्यायची सक्ती करता येणार नाही, आणि वजनाला व कसाला मोगलांच्या नाण्यांइतके चोख असेल तर कोणी अडवणारही नाही. म्हणजे ठसा कोणाचा हा प्रश्न नंतरचा, आधी सोने बोलते. त्या न्यायाने आजीच्या पुतळ्या कसाला उतरल्या होत्या. त्यांना खोटे म्हणण्याचे कारण एकच उरत होते, ते म्हणजे त्यांवरची अक्षरे वाचता येत नाहीत. पण ती अक्षरे वाचण्यासाठी नव्हतीच.

पुढे नाणे पाडणे हे फक्त सरकारचे काम झाले. 1835 मध्ये कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया आणला, 1889 च्या कायद्याने नाण्यासारखे वापरण्यासाठी धातूचे तुकडे पाडायला बंदी केली आणि 2011 च्या नाणे कायद्यातही ती बंदी कायम आहे. दागिन्याला अर्थातच आडकाठी नाही. आता ठसा संगणकावर आखून यंत्राने कोरता येतो, अक्षर चुकत नाही. आज दुकानात मिळणारी पुतळी पातळ पत्र्याची असते. तिच्यावर बहुतेकदा लक्ष्मी असते आणि सगळ्या पुतळ्या तंतोतंत सारख्या निघतात.

आमच्या हारातल्या कुठल्याही दोन पुतळ्या तशा नाहीत. एकीवर डोजेला दाढी आहे, दुसरीवर ती पदरासारखी दिसते. मी सगळ्यांचे मोठे फोटो काढून आत्यांना दाखवले. हार वितळवला नाही. दोरा काढला आणि पुतळ्या मोजून वाटल्या. एक जास्तीची उरली, ती धाकट्या आत्याने मागून घेतली.