कौल, आश्रय आणि सवलत : औंध संस्थानातील उद्योगस्थलांतराचा एक विचार

एखादा कारखाना एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात जातो, तेव्हा त्यामागील कारणांची मीमांसा बहुधा जमिनीची किंमत, कराचे दर, दळणवळण आणि मजुरी या चार बाबींच्या आधारे केली जाते. ही मीमांसा चुकीची नसली तरी अपुरी असते. राज्याने उद्योगास जे दिले त्यास त्या काळाची भाषा कोणते नाव देते, हेही पाहणे अगत्याचे आहे. कारण त्या नावातच देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा परस्परसंबंध अंतर्भूत असतो. मराठी मुलखात या देण्याला निरनिराळ्या काळी तीन नावे मिळाली : कौल, आश्रय आणि सवलत. यांपैकी मधल्या शब्दाचा अर्थ औंध संस्थान आणि किर्लोस्करवाडी यांच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

कौल हा शब्द मूळ अरबी; वचन वा शब्द देणे हा त्याचा अर्थ. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची असली, म्हणजे व्यापारी व कारागीर यांना कौलनामा देऊन बोलाविण्यात येई. ठरावीक मुदतीपर्यंत कर माफ असत वा हलके असत. नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीबाबत वर्षागणिक चढत जाणारा सारा ठरविण्याची जी पद्धत होती तिला इस्तावा म्हणत. पेठेची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे आणि महाजन यांना वतने मिळत. या व्यवहाराची दोन लक्षणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की वचन लेखी असे. दुसरे असे की त्यास मुदत असे. येणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्याला काय मिळणार व केव्हापर्यंत मिळणार, हे आगाऊ ठाऊक असे.

इंग्रजी अंमलात मोठ्या राज्यकर्त्याचा हा अधिकार देशी संस्थानांच्या मर्यादित हद्दीत उरला. औंध हे त्यांतील एक लहान संस्थान होते. सुमारे ५०० चौरस मैलांचा हा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ अशा विलग भागांत तो विखुरलेला होता. गावे ७२ आणि लोकसंख्या, स्वातंत्र्यपूर्व शेवटच्या दशकांत, पाऊण लाखाच्या आसपास. आटपाडीकडील प्रदेश अवर्षणग्रस्त. खनिज नाही, मोठे शहर नाही, सधन पेढ्या नाहीत. आर्थिक बळाच्या कोणत्याही मापाने मोजले तरी उद्योगपतीने आपण होऊन निवडावा असा हा प्रदेश नव्हता. तरीही १९१० साली येथे एक कारखाना आला आणि तो टिकला.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापकाची नोकरी सोडल्यावर त्यांनी बेळगावातच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे प्रारंभी नांगरांस गिऱ्हाईक मिळेना. ते मिळू लागले त्या सुमारास नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मोकळी करण्यास सांगितले. नगरपालिकेच्या दृष्टीने हा नित्याचा कारभार होता. तिच्या नियमांत जागेचा विचार होता. त्या जागेवर काय घडत आहे याचा विचार करण्यास तेथे वाव नव्हता.

याच वेळी लक्ष्मणराव औंध येथे देवीच्या मंदिरातील सभामंडपाच्या कामात गुंतले होते. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले होते. ते पदवीधर होते, स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांच्या कर्तबगारीशी त्यांचा परिचय होता. त्यांनी कुंडल रोड स्थानकालगतची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन माळरानाची होती. तिच्यावर निवडुंग माजला होता व सापांचा सुळसुळाट होता. १९१० च्या मार्च महिन्यात तेथे वसाहतीचा आरंभ झाला.

या देण्याचे मोल ठरविताना प्रथम भौतिक अनुकूलता पाहिली पाहिजे. कुंडल रोड हे पुणे–मिरज या मीटरगेज लोहमार्गावरील स्थानक होते. मिरजेहून एक वाट कोल्हापूरकडे व दुसरी बेळगावकडे जात असे. म्हणजे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या शेतीप्रधान जिल्ह्यांत माल पोचविण्याची सोय दाराशीच होती. हरळी व कुंदा यांनी व्यापलेल्या काळ्या जमिनीत खोल नांगरटीची गरज होती आणि लोखंडी नांगर ती भागवीत असे. ही झाली जमेची बाजू. उलटपक्षी कच्चे लोखंड आणि कोक ही दोन्ही दूरवरून आणावी लागत. कुशल कामगार जवळपास नव्हते. ते बरोबर आणावे लागले वा तेथेच घडवावे लागले. पाणी, घरे, शाळा, यांतील एकही गोष्ट आयती नव्हती.

करांच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. ब्रिटिश हद्दीतील प्राप्तिकर व कारखानेविषयक कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. पुढील काळात अनेक कारखानदारांस संस्थानी मुलखाचे जे आकर्षण वाटले, त्याचे हे एक प्रबळ कारण होते. परंतु १९१० साली ब्रिटिश हद्दीतही प्राप्तिकराचा भार नंतरच्या मानाने हलकाच होता आणि ज्याचा नफाच अनिश्चित आहे अशा कारखान्यास करमाफीचा लाभ तो किती होणार? किर्लोस्करांचे औंधास जाणे करांच्या हिशेबाने उलगडत नाही.

ते उलगडते दोन गोष्टींनी. पहिली, निर्णयाची त्वरा. जमीन, कर्ज आणि वसाहतीची परवानगी या तीन गोष्टी देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटला होता. दुसरी, तारणाचे स्वरूप. कोणत्याही पेढीने ज्यावर कर्ज दिले नसते अशा गोष्टीवर, म्हणजे माणसाच्या कर्तृत्वावर, संस्थानाने पैसा दिला. या दोहोंच्या संयोगास मराठीत आश्रय हा नेमका शब्द आहे. ‘श्रि’ या संस्कृत धातूपासून तो आला आहे. ज्याला टेकावे, ज्याच्या आधाराने राहावे तो आश्रय. कौलात वचन असते, आश्रयात संबंध असतो. कौलाला मुदत असते. आश्रय हा देणाऱ्याची इच्छा असेपर्यंत चालतो.

भवानरावांच्या कारकिर्दीत हा शब्द केवळ उद्योगापुरता नव्हता. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ साली उभा राहिलेला आणि पुढे प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचलेला ओगले बंधूंचा काचकारखाना त्यांच्याच साहाय्याचा लाभ घेऊन वाढला. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ औंधातच नांदले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य १९१८ साली औंधकडूनच जाहीर झाले. नांगर, कंदील, वेद आणि महाभारत यांना एकच राजवट एकाच वृत्तीने हात देत होती.

स्थळनामांतही या संबंधाची खूण राहिली आहे. वाडी म्हणजे मूळ गावाच्या शिवारात नंतर वसलेली लहान वस्ती. ती बहुधा तेथे प्रथम राहावयास आलेल्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते. शिंदेवाडी, भोसलेवाडी या नावांच्याच साच्यात किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी ही नावे घडली. यंत्रयुगातील वसाहतीस मराठी भाषेने शेतकरी वस्तीचे नाव दिले. राजाच्या नावाचे ‘नगर’ वा ‘पूर’ तेथे झाले नाही, हेही लक्षणीय आहे. आश्रय देणाऱ्याने आपले नाव मागे ठेवले आणि कालांतराने रेल्वे स्थानकही वाडीच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगरांचे भाग ओतण्यात आले. एका संस्थानात रुजलेल्या कारखान्यास दुसऱ्या संस्थानाने तारले. १९२० साली कारखान्याचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले. ३२ एकर माळरानाचा हा परिणाम कोणत्याही आर्थिक ताळेबंदात मांडता येणार नाही.

तथापि आश्रयाच्या मर्यादाही याच इतिहासात दिसतात. १९४१ साली किर्लोस्करांचा यंत्रहत्यारांचा कारखाना म्हैसूर संस्थानात हरिहर येथे निघाला. १९४६ साली तेलइंजिनांचा कारखाना पुण्यास आणि विद्युतयंत्रांचा बंगलोरास निघाला. उद्योगाचे मूळ औंधच्या हद्दीत राहिले. त्याचा विस्तार बाहेर झाला. म्हैसूरशी तुलना केल्यास याचा अर्थ ध्यानात येतो. तेथे शिवसमुद्रमची वीज १९०२ पासून उपलब्ध होती, आर्थिक परिषद १९११ साली व म्हैसूर बँक १९१३ साली स्थापन झाली होती. म्हैसूरची अनुकूलता व्यक्तीच्या हयातीपलीकडे टिकणाऱ्या संस्थांमध्ये उतरली होती. औंधची बहुतांशी एका पुरुषाच्या ठायी होती. १९३९ साली भवानरावांनी संविधान देऊन आपली सत्ता ग्रामपंचायतींवर आधारलेल्या प्रातिनिधिक व्यवस्थेकडे सोपविली, तेव्हा या प्रश्नाचे राजकीय उत्तर त्यांनी दिले. आर्थिक उत्तर देण्यास ७२ गावांचे राज्य अपुरे होते.

१९४८ च्या आरंभी गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची मोठी हानी झाली. त्याच वर्षी ८ मार्च रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि स्वाध्याय मंडळाने पारडी येथे स्थलांतर केले. आश्रय देणारी सत्ता उरली नव्हती. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला व आजही तेथे पंप तयार होतात. ज्यास आश्रय आवश्यक होता तो त्याविना उभा राहू शकतो, हीच आश्रयाच्या सफलतेची खूण मानावी लागेल.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. व्यवहारात रूढ झालेला शब्द सवलत. तोही ‘सहूलत’ या अरबी-फारसी शब्दाचाच मराठी अवतार. सवलतीत मुदत आहे, लेखी अटी आहेत, मागास भागास झुकते माप आहे. या दृष्टीने ती आश्रयापेक्षा जुन्या कौलास अधिक जवळची आहे आणि तसे असणे योग्यच आहे. लोकशाही राज्यात कोणा एकाच्या मर्जीवर जमिनी वाटल्या जाऊ नयेत. पण बेळगावच्या नगरपालिकेजवळही नियम होते, हे विसरता येत नाही. नियम सर्वांस समान वागवितो; अनोळखी माणसाच्या अपुऱ्या प्रयोगात उद्याचा उद्योग पाहण्याची दृष्टी नियमापाशी असतेच असे नाही. कौलाची निश्चिती आणि आश्रयाची पारख यांचा मेळ घालणारी व्यवस्था कशी उभारावी, हा प्रश्न औंधने सोडविला नाही. मात्र तो इतक्या लहान प्रमाणावर आणि इतक्या स्वच्छपणे मांडला की, उद्योगस्थलांतराचा विचार करणाऱ्या कोणत्याही राज्यास त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.