माळ्यावरचा राउटर आणि कल्याणच्या ताटल्या

तळेघरजवळच्या वाडीत, माझ्या मामाच्या घरात, मोबाइलला रेंज मिळते ती एकाच जागी. माळ्यावर, हिरड्याच्या पोत्यांमागे, पूर्वेकडच्या झरोक्यापाशी. मंचरहून निघालेली एस.टी. घोडेगाव, डिंभे करत वर चढायला लागली की फोनवरच्या दांड्या एकेक करून गळतात. शेवटची उरलेली दांडी त्या झरोक्यात अडकलेली असते. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीने अकरावीचा फॉर्म तिथेच बसून भरला. तीन दिवस ती शिडीवरून वर-खाली करत होती आणि मामी चुलीपासून विचारायची, "आला का गं तो ओटीपी?"

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. मामा म्हणाला, "एवढा शिकलास ना तू? मग ती रेंज जरा खाली आणून दे."

उपाय तसा सोपा आहे. फोन झरोक्यात ठेवायचा, केबलने एका छोट्या बोर्डाला जोडायचा आणि त्या बोर्डाने घरभर वायफाय वाटायचं. फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट चालतो, पण कौलाखाली तापून बंद पडतो. अशा बोर्डाला ट्रॅव्हल राउटर म्हणतात आणि तो बाजारात तयार मिळतो. मला मात्र ज्याचा नकाशा माझ्याकडे आहे, बिघडला तर मला उघडता येईल असा हवा होता. (खरं सांगायचं तर हौसही होतीच.) आखायला बसलो आणि बोर्ड राहिला बाजूला, मी इतिहासात जाऊन पडलो.

वायफायपुढची जुनी अडचण म्हणजे प्रतिध्वनी. भिंतींवर, कपाटांवर आपटून एकच संदेश अनेक वाटांनी, थोडा मागेपुढे पोचतो आणि स्वतःच्याच अंगावर पडून गढूळ होतो. तोड अशी निघाली की, माहिती एका वेगवान धारेत न पाठवता अनेक संथ धारांत वाटायची आणि पलीकडे फूरिएच्या गणिताने त्या धारा पुन्हा वेगळ्या करायच्या. ही कल्पना कुणा एकाची नाही. पण ती घरातल्या वायरलेस नेटवर्कच्या कामी आणणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा गट महत्त्वाचा होता. १९९६ साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. गटाचे प्रमुख जॉन ओ'सलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. स्फोट होऊन संपणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संदेश त्यांनी पूर्वी शोधले होते. ते सापडले नाहीत. गढूळ संदेश निवळायचं गणित मात्र हाताशी राहिलं.

आता गंमत बघा. याच सीएसआयआरओमध्ये १९५३ साली गोविंद स्वरूप नावाचा एक भारतीय तरुण शिकायला गेला होता. सिडनीजवळ पॉट्स हिलला सूर्याकडे तोंड करून सहा-सहा फुटांच्या ३२ ताटल्या उभ्या होत्या. त्या मोडीत निघणार असं कळल्यावर त्याने विचारलं, भारताला द्याल का? ते हो म्हणाले. अडलं ते जहाजाच्या भाड्यावर. ताटल्या यायला, मग त्यांना जागा मिळायला वर्षं गेली. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ मध्ये टीआयएफआरमध्ये आले आणि १९६५ साली त्या ताटल्या आपल्या कल्याणला उभ्या राहिल्या. ६१० मेगाहर्ट्झवर त्या सूर्य ऐकू लागल्या. आज लोकलमधून कल्याणला उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

तिथून उटीची दुर्बीण झाली आणि नंतर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. २००१ साली ती देशाला अर्पण झाली. खोडद निवडण्यामागे जी कारणं होती त्यांतलं एक म्हणजे शांतता. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की माणसाचा गोंगाट दूर हवा, आणि भोवतालचे डोंगर तो गोंगाट अडवतात. खोडदला डोंगर पावले. माझ्या मामाला मात्र ते आडवे आले.

दुसरा धागा वेगळाच आहे. आपल्याकडे १९३३च्या कायद्यानुसार वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. आजोबांच्या रेडिओचं लायसन्सचं पुस्तक मी पाहिलंय. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि तिकिटं चिकटवून घ्यायची. कमी ताकदीच्या वायफायसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. 

आणि बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम? डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. काही महिन्यांत प्रोग्रॅमर मंडळींच्या लक्षात आलं की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना म्हणतो, वापरा, बदला, विका. पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोडही द्या. कंपनीने तो दिला नव्हता. आरडाओरडा झाला आणि २००३ मध्ये कोड बाहेर आला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. पुढे कंपनीने त्याच राउटरची मेमरी १६ एमबीवरून ८ एमबीवर आणली आणि लिनक्स काढून टाकलं. लोक चिडले, तेव्हा जुनाच राउटर नावात एक 'एल' जास्त लावून परत विकायला काढला! नोव्हेंबर २०२४ मध्ये तर ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी स्वतःचाच राउटर आणला. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश मेमरी आहेत. एक बिघडली तर बारीकसा खटका सरकवून दुसरीवरून तो पुन्हा उठवता येतो. जिथून दुरुस्तीचं दुकान एस.टी.च्या अंतरावर आहे तिथे त्या खटक्याची किंमत कळते. ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली.

माझा बोर्ड एटीएम कार्डाएवढा. ५८० मेगाहर्ट्झची मीडियाटेकची चिप, रेडिओ तिच्यातच, १२८ एमबी रॅम. सगळा वेळ अँटेनाकडे जाणाऱ्या तीन सेंटिमीटर तांब्याच्या रेघेने खाल्ला. ती ५० ओहमची हवी, आणि ते ठरतं रेघेच्या रुंदीवर आणि खालच्या थराच्या जाडीवर. रुंदी चुकली की ताकद अँटेनात न जाता परत चिपकडे फिरते.

घरी तो महिनाभर छान चालला. गेल्या जूनमध्ये मामेबहिणीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. मी आदल्या दिवशी तळेघरला पोचलो. पाऊस सुरू झालेला, वीज गेलेली. पॉवर बँक लावली तर बोर्ड ढिम्म. खटका सरकवला, तरी ढिम्म. रात्री साडेनऊला, टॉर्चच्या उजेडात, मला माझी चूक कळली. टाइप-सी सॉकेटवर ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात. ते दिसले नाहीत तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून वीज येतच नाही. पुण्यात मी जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलवर चालवत होतो, त्या केबलला या रेझिस्टरांची वाट बघावी लागत नाही. दोन्ही रेझिस्टर मिळून एक रुपयाचाही माल नाही.

मामा छत्री घेऊन बाहेर पडला. चौथ्या घरातून कुणाच्या तरी बॅटरीची जुनी केबल घेऊन आला. "ही बघ, चालंल का?"

चालली. मामेबहीण खाली, चुलीजवळ बसून फॉर्म भरत होती. ओटीपीसाठी मी माळ्यावर फोनपाशी बसलो. अकराच्या आत फॉर्म गेला.

दुसऱ्या बोर्डावर ते दोन रेझिस्टर आहेत. नकाशाच्या फाइली मी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात, पहिल्या बोर्डातल्या चुकीसकट. बोर्ड झरोक्यापाशीच असतो. शेजारची दोन घरंही त्यावरच आहेत. पासवर्ड मामाने परस्पर देऊन टाकला. उंदरांनी केबल कुरतडू नये म्हणून त्याने ती हिरड्याच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळली आहे.