आभासी यंत्रावरील स्क्रीनकास्ट

आभासी यंत्रावरील स्क्रीनकास्ट म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर एखाद्या प्रणालीचे प्रात्यक्षिक करून, त्याच्या पडद्याचे निवेदनासह केलेले मुद्रण होय. मूळ संगणकास यजमान, तर आतील संगणकास पाहुणा असे म्हणतात.

संज्ञा व पूर्वपीठिका

'स्क्रीनकास्ट' हा शब्द २००४ साली रूढ झाला. अमेरिकी तंत्रलेखक जॉन युडेल यांनी या प्रकारासाठी वाचकांकडून नावे मागविली होती. त्यांतून हे नाव निवडले गेले. आभासी यंत्राची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. वैयक्तिक संगणकावर हे तंत्र व्हीएमवेअर वर्कस्टेशन (१९९९) व व्हर्च्युअलबॉक्स (२००७) यांमुळे सुलभ झाले.

कार्यपद्धती

पाहुण्या यंत्रात कार्यप्रणाली नव्याने बसवून पडद्याचा आकार निश्चित केला जातो आणि त्या स्थितीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, जतन केली जाते. निवेदकाची चूक झाल्यास यंत्र काही क्षणांत त्याच स्थितीवर परत आणता येते. स्थापनेचे प्रात्यक्षिक दुसऱ्यांदा करावयाचे असल्यास हा लाभ विशेष जाणवतो, कारण एकदा बसविलेले सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याच्या खुणा संगणकात राहतात. कार्यप्रणाली बसविणे किंवा संगणक सुरू होणे यांचे चित्रण तर त्याच संगणकाच्या आतून करताच येत नाही. ते यजमानाकडूनच करावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ४.३ या आवृत्तीपासून (२०१३) पाहुण्याचा पडदा थेट वेबएम स्वरूपात मुद्रित करण्याची सोय आहे.

देवनागरीसाठी पाहुण्या यंत्रात टंक व इन्स्क्रिप्ट कळफलक स्वतंत्रपणे बसवावे लागतात. टंक नसल्यास अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात, आणि हा दोष बहुधा मुद्रण संपल्यावरच ध्यानात येतो.

मर्यादा

दोन कार्यप्रणाली एकाच वेळी चालत असल्याने स्मृती अधिक लागते. कमी क्षमतेच्या संगणकावर दर्शक अडखळत हलतो. त्रिमितीय चित्रांचे प्रात्यक्षिक तर अनेकदा समाधानकारक होत नाही.

गोपनीयतेविषयीचा गैरसमज अधिक गंभीर आहे. आभासी यंत्रामुळे निवेदकाच्या स्वतःच्या फायली, पत्रव्यवहार व सूचना पडद्यावर येत नाहीत, हे खरे. परंतु संकेतस्थळावर प्रवेश केल्यानंतर तेथे दिसणारी माहिती जशीच्या तशी मुद्रित होते. 'सरल' किंवा 'यू-डायस प्लस' यांसारख्या शालेय नोंदप्रणालींचे प्रात्यक्षिक खऱ्या नोंदींवर केल्यास विद्यार्थ्यांची नावे व इतर तपशील उघड होऊ शकतात. अशा वेळी काल्पनिक नोंदी वापरणे किंवा तो भाग झाकणे, एवढाच उपाय उरतो.

मराठीतील उपयोग

मराठीत स्क्रीनकास्टचा सर्वांत पद्धतशीर वापर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात आढळतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पास केंद्र शासनाचे अर्थसाहाय्य लाभले. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब इत्यादी मुक्त सॉफ्टवेअरवरील सुमारे दहा मिनिटांचे पाठ प्रथम इंग्लिशमध्ये तयार होतात. नंतर पडद्याचे चित्र तेच ठेवून मराठीसह इतर भारतीय भाषांतील निवेदन त्यावर चढविले जाते. पाठ पाहत असतानाच शेजारच्या खिडकीत तीच कृती करणे विद्यार्थ्याकडून अपेक्षित असते. म्हणून पाठाच्या आरंभी कार्यप्रणाली व सॉफ्टवेअर यांची आवृत्ती सांगितली जाते. आवृत्ती बदलली की पडद्यावरील बटणांची जागा बदलते आणि एकट्याने शिकणारा तेथेच थांबतो. जुनी आवृत्ती आभासी यंत्रात जपून ठेवल्यास पाठाचा बिघडलेला तुकडाच पुन्हा मुद्रित करता येतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. मात्र सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांवर दूरसंपर्काची अडचण राहिली. अशा ठिकाणी पाठ एकदा उतरवून घेऊन जालजोडणीविना दाखविणे सोयीचे ठरते. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ तसे उतरवून घेता येतात. जिल्ह्यात भिली, पावरी, मावची व अहिराणी बोलल्या जातात, शाळेची भाषा मात्र बहुतांशी मराठी आहे. चित्र व निवेदन वेगवेगळे ठेवल्यास त्याच मुद्रणावर पावरी किंवा भिली निवेदन चढविण्यास तांत्रिक अडचण नाही. त्यासाठी त्या भाषेत सहज बोलणारा निवेदक आणि शांत खोली लागते.