जॉयस्टिक कुणाच्या हातात?

या विकांताला जरा वेगळा इतिहास. दुचाकी चालवायला लायसन्स लागतं, त्यासाठी आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढावा लागतो, हे आपल्याला पाठ आहे. पण बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर चालवायला काय लागतं? तिथे आरटीओ नाही. तरीही कुणीतरी ठरवतंच, की या माणसाच्या हाती ही खुर्ची द्यायची आणि त्या माणसाच्या नाही. कशावरून ठरवतात? हे कोडं सोडवायला संगणकवाल्यांनी जे केलं त्याची ही गोष्ट. ती ओरेगॉनहून निघते, पण मला ती आपल्या मंठ्यापर्यंत आणायची आहे.

आधी खुर्ची. १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन इंजिनिअर मित्रांनी घडी घालून मोटारीत ठेवता येईल अशी पोलादी नळ्यांची व्हीलचेअर बनवली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडून बसलेला. म्हणजे गरज आणि इंजिनिअर एकाच घरात! मग दुसरं महायुद्ध झालं. मानेखाली लुळे झालेले सैनिक नव्या औषधांमुळे जगू लागले, पण त्यांना हातांनी चाकं फिरवता येईनात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी विजेवर चालणारी खुर्ची तयार केली.

आपल्याकडेही याच काळात पाया घातला जात होता. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ ची. कृत्रिम अवयव आणि तीनचाकी सायकली बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७२ ची. जखमी जवानांसाठी पुण्याजवळचं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. पण खुर्ची मिळणं वेगळं आणि ती चालवता येणं वेगळं.

आता अडचण बघा. बॅटऱ्या, मोटर आणि बसलेला माणूस धरून असली खुर्ची दीडशे किलोच्या घरात सहज जाते. चालवणाऱ्याच्या मेंदूच्या उजव्या भागात झटका येऊन गेला असेल तर एक विचित्र प्रकार होऊ शकतो. डोळे ठीक असतात, पण जगाची डावी बाजू लक्षातच येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. असा माणूस टेबलावरची कागद-पेन्सिलची चाचणी कधीकधी बरी देतो, आणि खुर्ची हातात आली की डावी चौकट ठोकतो. खऱ्या खुर्चीवर परीक्षा घ्यावी तर कुणाच्या तरी पायावर चाक जाणार. न घ्यावी तर अंदाजाने नकार द्यावा लागणार. बहुतेक वेळा नकार देणंच सोपं पडतं...

हाच पेच वैमानिकांच्या बाबतीत आधी सुटला होता. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये, वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात शिकलेली हवेच्या भात्यांची विद्या वापरून जमिनीवरच डोलणारं खोटं विमान बनवलं. लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत एकामागून एक जीव गेले, आणि मग लष्कराने घाईघाईने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. चुका जमिनीवर करून घ्या, ही ती कल्पना. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावायचा पडदा बनवला. मान वळवली की चित्र वळायचं. आजच्या व्हीआर चष्म्याचा हा आजोबा.

या दोन धाग्यांची गाठ व्हीलचेअरशी बांधली गेली ती १९९० च्या दशकात. ओरेगॉन संशोधन संस्थेत डीन इनमन आणि सहकाऱ्यांनी अपंग मुलांसाठी आभासी जगं तयार केली. आधी साधी मोकळी जागा, मग अडथळे, मग रस्ता ओलांडणं. संगणकवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे १९९७ मध्ये याविषयीचा लेख एसीएमच्या आपल्या नेहमीच्या मासिकात आला. इस्रायलमध्ये सेरेब्रल पाल्सी आणि स्नायूंचा ऱ्हास होणाऱ्या मुलांवर असाच प्रयोग झाला, त्याचा निबंध १९९८ चा. निष्कर्ष साधा होता: सरावाने मुलं सुधारतात. पिट्सबर्गमध्ये रॉरी कूपर यांच्या प्रयोगशाळेने मेंदूला इजा झालेल्या प्रौढांसाठी सिम्युलेटर बनवले. कूपर स्वतः माजी सैनिक, व्हीलचेअर वापरणारे, आणि १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकचे पदकविजेते.

सिम्युलेटरने नक्की काय दिलं? माझ्या भाषेत सांगायचं तर लॉग दिला. खऱ्या चाचणीनंतर थेरपिस्टच्या फॉर्मवर एक शेरा उरतो. इथे किती वेळा धडकला, कुठल्या बाजूला धडकला, ठरलेल्या वाटेपासून किती सरकला, जॉयस्टिक किती वेळा उगाच उलटी ओढली, सगळं नोंदलेलं. सगळ्या धडका डावीकडच्याच निघाल्या तर दुखणं कुठे आहे ते कळतं, आणि महिन्याभराने तीच वाट पुन्हा देऊन फरकही बघता येतो.

पण थांबा. ब्रिटनमध्ये २००२ च्या एका अभ्यासात नवख्या वापरकर्त्यांना तीच कामं खऱ्या जागेत आणि आभासी जागेत करायला दिली. काही कामं आभासी जगातच जास्त अवघड गेली! विचार केला तर कारणं दिसतात. पडद्यावर बाजूचं दिसत नाही, अंतराचा अंदाज येत नाही, वळताना कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला काहीच जाणवत नाही. म्हणजे पडद्यावर नापास झालेला माणूस रस्त्यावर पास होऊ शकतो. अशा यंत्राच्या आकड्यावर कुणाची खुर्ची नाकारली तर तो सरळसरळ अन्याय आहे.

आता मंठ्याकडे येऊ. जालना-जिंतूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. काळी माती, पावसाळ्यात चिखल, बाजारात हातगाड्या आणि मोटरसायकली. इथल्या माणसाला सरकारी गाडी मिळते ती मुख्यतः १९८१ पासूनच्या अ‍ॅडिप योजनेतून. आधी मोजमाप शिबिर, नंतर वाटप शिबिर. योजनेच्या २०१४ च्या नियमांत मोटर लावलेल्या तीनचाकीला २५,००० रुपये अनुदान होतं, वय १६ च्या पुढे. आणि एक अट होती: तीव्र अपंगत्वाबरोबर मानसिक अक्षमताही असेल तर ही गाडी नाही, कारण अपघाताचा धोका. काळजी खोटी नाही हो. पण एका ओळीत सगळ्यांना बाद केलं, कुणालाही चालवून न बघता! जो शिकू शकला असता त्याचा दरवाजाही बंद.

इथेच लिंकचं खोटं विमान आठवायला हवं. ते वैमानिकांना बाद करायला विकत घेतलं नव्हतं, तयार करायला घेतलं होतं. मोजमाप शिबिरात कंबर आणि पायाचं माप घेतात, तिथेच एका टेबलावर लॅपटॉप ठेवून दहा मिनिटं चालवण्याचंही माप घेता येईल. मात्र सॉफ्टवेअर इथलं हवं. परदेशी सिम्युलेटरमध्ये गुळगुळीत कॉरिडॉर आणि जॉयस्टिक असते, आपल्याकडच्या तीनचाकीला हँडल आणि अ‍ॅक्सिलरेटर असतो. खड्डा, चिखल, मध्येच आडवी आलेली म्हैस, डावीकडून घुसणारी मोटरसायकल, हे सगळं कोडमध्ये यायला हवं. आणि निकालाच्या जागी 'पास-नापास' न लिहिता 'अजून किती सराव' एवढंच लिहावं.

तंत्र फार महाग राहिलेलं नाही. गेम बनवणारी हजारो मुलं पुण्यात आणि हैदराबादेत बसली आहेत. कुणाच्या हाती जॉयस्टिक द्यायची हे आजवर अंदाजाने आणि भीतीने ठरत आलं. लॉग बघून ठरवता येतं, हे तर नव्वदीतच कळलं होतं.

असो. कुणी असं काही बनवायला घेणार असेल, तर म्हशीचं मॉडेल मी करून देतो.